मेजरसाहेबांचे डोनट

लॉस एंजेलिसमधल्या कुठल्याही नाक्यावरच्या छोट्या डोनटच्या दुकानात सकाळी शिरा. मोठ्या कंपनीच्या साखळीतलं दुकान नको, एखाद्या कुटुंबानं चालवलेलं हवं. गुलाबी खोक्यात डझनभर डोनट भरून देणाऱ्या बाई बहुधा कंबोडियाच्या असतील. त्या नसतील तर त्यांची लेक असेल. पुढच्या नाक्यावर जा, तिथेही कंबोडियाचंच कुटुंब! दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अशा स्वतंत्र दुकानांपैकी दहातली आठ तरी कंबोडियन लोकांची आहेत, असा अंदाज गेली कित्येक वर्षं दिला जातो.

हे किती अजब आहे पाहा. कंबोडिया हा भात खाणारा देश. डोनट हा मैद्याचा, तळून साखरेत घोळलेला, अस्सल अमेरिकी पदार्थ. बरं, अमेरिकेत कंबोडियन माणसं काही कोटींनी आली नव्हती. १९७५ ते १९९४ या काळात सुमारे दीड लाख निर्वासित आले आणि त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात दमडी नव्हती. मग एका अवाढव्य राज्याची न्याहारी त्यांच्या हातात गेली कशी? सरकारनं योजना आखली होती? कुणा धनिकानं पैसा ओतला होता?

यातलं काहीच झालं नव्हतं. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या एका माणसाला कसलातरी वास आला, तिथून हे सुरू झालं.

त्या माणसाचं नाव बुन तेक न्गॉय. पुढे सगळे त्याला टेड न्गॉय म्हणू लागले. कंबोडियाच्या लष्करात तो मेजर होता आणि बँकॉकच्या वकिलातीत त्याची नेमणूक होती. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये घुसल्या. पुढच्या पावणेचार वर्षांत त्या राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं, आजारानं आणि कत्तलीत गेली. सगळ्या देशाची लोकसंख्याच ऐंशी लाखांच्या आतबाहेर होती. न्गॉय परदेशात होता म्हणून वाचला. पण ज्या सैन्यात तो मेजर होता ते सैन्यच उरलं नाही. मग मेजर कोण?

इथे जरा थांबू या. आपण म्हणतो, ‘शिक्षण कुणी चोरून नेऊ शकत नाही.’ ज्ञान डोक्यात राहतं हे खरं. पण करिअर नावाची गोष्ट डोक्यात किती असते आणि बाहेर किती असते, याचा कधी हिशोब केला आहे का? पदवी देणारं विद्यापीठ, परवाना देणारं मंडळ, ‘हा माझ्या हाताखाली दहा वर्षं होता’ असं सांगणारा साहेब, नावानं ओळखणारी बँक आणि ज्या भाषेत तुम्ही हुशार दिसता ती भाषा. हे सगळं तुमच्याबाहेर असतं. निर्वासित माणूस पळतो तेव्हा डोकं बरोबर येतं, हे बाकीचं मागे राहतं. काल ज्याच्या सहीनं कामं व्हायची, त्याला आज झाडू मारायचं काम मिळवायलाही कुणाची तरी ओळख लागते.

न्गॉयला ती ओळख एका चर्चनं दिली. १९७५ मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून सुमारे एक लाख तीस हजार माणसं अमेरिकेत आली. त्यांना चार लष्करी तळांवर ठेवलं होतं: कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडल्टन, आर्कान्सात फोर्ट चाफी, फ्लोरिडात एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाउन गॅप. तळातून बाहेर पडायचं तर कुणीतरी अमेरिकी पुरस्कर्ता हवा, म्हणजे ‘या कुटुंबाची सोय आम्ही बघू’ असं सांगणारा. टस्टिन गावातल्या एका लुथरन चर्चनं न्गॉय कुटुंबाची जबाबदारी घेतली आणि मेजरसाहेब चर्चची फरशी पुसू लागले. तेवढ्यानं भागेना, म्हणून त्यांनी आणखी कामं धरली. त्यांतलं एक रात्रीचं, पेट्रोल पंपावरचं.

पंपाजवळ डोनटचं दुकान होतं. तळणाचा आणि गरम साखरेचा वास येई. एका रात्री त्यांनी डोनट घेऊन खाल्ला आणि थेट कंबोडियात पोचले. तिकडे नोम काँग नावाचा पदार्थ असतो. तांदळाच्या पिठाचं कडं तळायचं आणि वर ताडगुळाचा पाक. आकार तोच, तळण तेच. हे आपल्याला जमेल, असं त्यांना वाटलं. गल्ल्यावरच्या बाईला त्यांनी विचारलं की असं दुकान काढायचं तर काय करावं लागतं? तिनं सांगितलं, घाईनं पैसे घालू नका, विंचेल्स नावाची कंपनी माणसांना शिकवून तयार करते, तिथे जा.

ही गल्ल्यावरची बाई लक्षात ठेवा. तिचं न्गॉयशी ना नातं, ना मैत्री. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

न्गॉय विंचेल्समध्ये शिकले, मग कंपनीचं एक दुकान चालवू लागले. दोनेक वर्षांत पैसे साठवून त्यांनी ला हाब्रा गावात स्वतःचं पहिलं दुकान घेतलं. त्यावर ‘ख्रिस्टीज’ अशी पाटी आधीपासूनच होती, ती त्यांनी तशीच राहू दिली.

आता खरी गंमत. डोनटच का? कंबोडियन हातांना इथे नेमकं काय सापडलं?

डोनट कसा बनतो ते पाहा. रात्री बारा-एकच्या सुमाराला यीस्ट घालून पीठ मळायचं, लाटायचं, कडी कापायची, उबेला फुगत ठेवायची. मग एकशे नव्वद अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात सोडायची. ती तरंगतात, खालची बाजू सोनेरी झाली की दोन काड्यांनी उलटायची, काढायची आणि गरम असतानाच पाकात बुडवायची. पहाटे पाचला दार उघडायचं. यातला कुठला भाग शिकायला पुस्तक लागतं? बघून-करून काही आठवड्यांत हात बसतो. गिऱ्हाईक काचेतून बोट दाखवतं, त्यामुळे एक ते बारा आकडे आणि ‘थँक यू’ एवढ्या इंग्रजीवर दुकान चालतं. मैदा, साखर, तेल स्वस्त. खर्च खरा कशाचा? रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या पगाराचा. आणि नेमका तोच खर्च कुटुंबाला नसतो! नवरा तळतो, बायको विकते, मावशी खोकी घडते, मुलं मैद्याच्या पोत्यांवर बसून गृहपाठ करतात. पगारी माणसं ठेवणाऱ्या दुकानाला ज्या भावात नुकसान व्हायचं, त्या भावात हे घर पोट भरून वर पैसे शिल्लक टाकायचं.

शिवाय मध्यरात्री उठून पीठ मळण्याची हौस स्थानिक माणसाला फारशी नव्हतीच. म्हणजे कुणाचं काम हिरावून घ्यावं लागलं नाही. जागा रिकामीच होती, फक्त ती अशा वेळेला रिकामी होती जेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं.

न्गॉय एका दुकानावर थांबले नाहीत. आणखी दुकानं घेऊन ती ते आपल्या माणसांना भाड्यानं चालवायला देऊ लागले. आधी भाचे-पुतणे, मग त्यांचे सासरचे, मग ओळखीचे. जानेवारी १९७९ मध्ये ख्मेर रूजची सत्ता कोसळली आणि जगली-वाचलेली माणसं थायलंडच्या सरहद्दीवरच्या खाओ-इ-दांगसारख्या छावण्यांत येऊन पडली. १९८० मध्ये अमेरिकेनं निर्वासितांसाठी नवा कायदा केला, दारं अधिक उघडली. आता पुरस्कर्ते कोण होते? चर्चबरोबर खुद्द न्गॉयही. त्यांनी शंभराहून जास्त कुटुंबांना हात दिला असं सांगतात. पाच वर्षांपूर्वी ज्याला जामीन राहणारं एका परक्या चर्चशिवाय कुणी नव्हतं, तो आता शेकडो माणसांना जामीन होता. विमानातून उतरलेलं कुटुंब आठवडाभरात दुकानाच्या मागच्या खोलीत पीठ मळायला शिकत होतं.

पण शिकलं म्हणून दुकान होत नाही, त्याला भांडवल लागतं. बँक कर्ज देईना, कारण बँकेला मागचा इतिहास लागतो आणि या लोकांचा इतिहास जळून गेलेला. घर नाही, दागिने नाहीत, कागद नाहीत. मग पैसे आले कुठून?

याचं उत्तर मराठी वाचकाला समजावून सांगायला फार सोपं आहे: भिशी! कंबोडियन लोक तिला तॉन्तिन म्हणतात, पण चाल आपल्या लिलावाच्या भिशीचीच. समजा, वीस जण दरमहा ५०० डॉलर काढतात. दर महिन्याला १० हजार जमतात. ज्याला घाई आहे तो म्हणतो, ‘मी थोडे कमी घेतो, पण या महिन्याला मला द्या.’ जो सर्वांत जास्त सोडायला तयार, त्याला रक्कम. सोडलेले पैसे बाकीच्यांचा नफा. दुकान मांडणारा पहिल्याच महिन्यात उचलतो आणि पुढचे एकोणीस महिने डोनट विकून फेडतो. ज्याला घाई नाही तो शेवटपर्यंत थांबतो आणि बचतीवर व्याज मिळवतो. कर्जदार आणि ठेवीदार एकाच सतरंजीवर बसलेले, मध्ये ना साहेब ना शिक्का.

तारण काय? नाव. पैसे घेऊन पळालात तर पुन्हा या माणसांत तोंड दाखवता येणार नाही, आणि परक्या देशात ही माणसं म्हणजेच तुमचं सगळं जग. मला इथे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. ही माणसं अशा राजवटीतून आली होती जिथे शेजाऱ्यावर, कधीकधी पोटच्या पोरावरही विश्वास टाकणं जिवावर बेतायचं. विश्वास मुळापासून उपटायचा चंग बांधला होता त्या राजवटीनं. आणि काही वर्षांतच हेच लोक नुसत्या शब्दावर एकमेकांना हजारो डॉलर देत होते!

त्या गुलाबी खोक्याचीही गोष्ट याच काटकसरीतून निघते. पूर्वी डोनटची खोकी पांढरी असत. सत्तरच्या दशकात एका कंबोडियन दुकानदारानं पुरवठादाराकडे स्वस्त खोकी मागितली, तर पुरवठादाराकडे गुलाबी पुठ्ठा पडून होता. एका खोक्यामागे काही सेंट वाचत. आठवड्याला शेकडो खोकी लागणाऱ्याला ते सेंट फार मोठे. पांढऱ्यापेक्षा गुलाबी बरा, असंही अनेकांना वाटलं असणार. कंबोडियन दुकानदारांत बरेच जण मूळचे चिनी वंशाचे, त्यांना लाल रंग शुभ आणि पांढरा अशुभ. पुढे हॉलिवुडच्या सिनेमांत डोनट गुलाबी खोक्यातूनच येऊ लागले, कारण सिनेमावाल्यांच्या घराजवळच्या दुकानात तेच खोकं मिळायचं.

आणि मोठ्या कंपन्या? डंकिन डोनट्स ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची बलाढ्य साखळी. दक्षिण कॅलिफोर्नियात तिचा जम काही बसला नाही, गाशा गुंडाळावा लागला. ती परत आली ती थेट २०१४ मध्ये. जाहिरातींवर लाखो डॉलर खर्चणाऱ्या कंपनीला ही रात्रभर जागणारी घरं जड गेली.

खुद्द न्गॉय यांचं काय झालं? ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे पन्नासच्या घरात दुकानं होती, मोठा बंगला होता. मग लास व्हेगासच्या जुगारानं सगळं गिळलं. दुकानं गेली, संसार मोडला. त्यांच्यावर निघालेला ‘द डोनट किंग’ हा माहितीपट २०२० मध्ये आला, त्यात ही पडझड काहीही न लपवता दाखवली आहे. पण नवल असं की राजा बुडाला तरी राज्य बुडालं नाही. एव्हाना ते त्यांचं राहिलंच नव्हतं. पीठ मळायची रीत, भिशीचे गट, ‘अमुक चौकात गाळा रिकामा होतोय’ ही बातमी, हे सगळं हजारो घरांत पसरलं होतं.

आता त्या गल्ल्यावरच्या बाईकडे येऊ.

१९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या तरुण अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक निबंध छापला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं साधा प्रश्न विचारला होता: या नोकरीची बातमी ज्यानं दिली तो तुम्हाला किती वेळा भेटतो? आपल्याला वाटेल, जिवलग मित्र, सख्खा भाऊ, असं उत्तर येणार. ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहांपैकी पाच जणांनी वेगळंच सांगितलं. बातमी देणारा अधूनमधून किंवा अगदी क्वचित भेटणारा होता! जुना सहकारी, कुणाचातरी ओळखीचा, सहज भेटलेला माणूस.

असं का? विचार केला की चटकन पटतं. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते आणि दुसऱ्या वर्तुळाशी तुम्हाला जोडणारा धागा बहुधा बारीकच असतो. निर्वासिताच्या बाबतीत हे दसपट खरं. छावणीत शेजारच्या खाटेवर झोपणारा सख्खा भाऊ असला तरी त्याला विंचेल्स ठाऊक असणार कसं? ते ठाऊक होतं गल्ल्यावरच्या परक्या बाईला. पहिलं दार परक्यानं उघडलं, पण त्यातून हजारो माणसं आत आली ती नात्यागोत्याच्या जोरावर. धंदा उभा राहायला दोन्ही लागलं.

हा डोनटपुरता योगायोग असेल, अशी शंका येते ना? मग न्गॉय अमेरिकेत आले त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातच घडलेली दुसरी गोष्ट ऐका.

हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ या सिनेमाची नायिका टिपी हेड्रन १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या वीमार गावच्या निर्वासित छावणीत स्वयंसेविका म्हणून जात असे. तिथल्या व्हिएतनामी स्त्रियांना शिवण, टायपिंग असं काही शिकवावं, असा तिचा बेत होता. त्या बायकांचं लक्ष मात्र तिच्या नखांवर. किती सुंदर रंगवलीत, कुणी रंगवली? हेड्रनचं डोकं चाललं. तिनं आपली नखं करणारीलाच बोलावून घेतलं, जवळच्या ब्यूटी स्कूलला राजी केलं आणि वीस जणी शिकू लागल्या. परवाने मिळाल्यावर कामं शोधून द्यायलाही ती फिरली.

आज अमेरिकेतल्या नखांच्या कारागिरांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिएतनामी वंशाचे आहेत. कॅलिफोर्नियात तर त्याहून कितीतरी जास्त. सगळ्या जणी काही त्या वीस जणींच्या शिष्या नव्हेत, पण पहिल्या वाटसरू त्याच. आणि त्यांनी धंद्याचं रूपच पालटलं. पूर्वी नखं करून घेणं ही श्रीमंत बायकांची चैन होती. यांनी भाव इतके खाली आणले की शाळेतली शिक्षिका आणि दुकानातली विक्रेतीही महिन्यातून एकदा खुर्चीत बसू लागली. म्हणजे असलेल्या कामात त्यांनी वाटा मागितला नाही, गिऱ्हाईकच नवं निर्माण केलं! कॅलिफोर्नियात नखांच्या कामाची परवाना परीक्षा आज व्हिएतनामी भाषेतूनही देता येते.

या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवणं मला पटत नाही. अ‍ॅक्रिलिकची भुकटी, टोल्युइनसारखी द्रव्यं, बारा-बारा तास त्याच खोलीत. डोकेदुखी, दमा, कातडीचे त्रास. कारागीर बायका संघटित होऊन बोलू लागल्या तेव्हा कुठे २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं कमी घातक रसायनं वापरणाऱ्या सलूनांना मान्यता देण्याचा नियम केला. डोनटवाल्यांच्या घरातही नवरा-बायको वर्षानुवर्षं एका वेळी झोपले नाहीत, सुट्टी म्हणजे काय ते मुलांना ठाऊक नव्हतं. स्वस्त डोनटची उरलेली किंमत त्या घरांनी भरली.

आणि मनात सलणारा प्रश्न उरतोच. तळणं शिकता येतं, नखं रंगवणं शिकता येतं. पण जो शल्यविशारद होता त्याचं काय? त्याला तर आपलंच काम परत हवं असतं.

यासाठी ब्रेस्लाउला जाऊ. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ. लुडविग गुटमान हे तिथले नावाजलेले मज्जाशल्यचिकित्सक. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून त्यांना सरकारी रुग्णालयातून काढलं. ते ज्यू रुग्णालयात गेले, पुढे त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९३८ च्या एका भयानक रात्री, जर्मनीत सगळीकडे ज्यूंचे सिनेगॉग जळत असताना, त्यांनी हुकूम दिला की दाराशी येईल त्याला दाखल करून घ्या. सकाळी गेस्टापोचे लोक यादी घेऊन आले, तर गुटमान एकेका खाटेपाशी उभे राहून धडधाकट माणसांच्या दुखण्यांची वर्णनं सांगत होते. साठच्या आसपास माणसं अटकेतून वाचली.

मार्च १९३९ मध्ये ते इंग्लंडला पोचले, तेही परक्यांच्या मदतीनं. १९३३ मध्ये विल्यम बेव्हरिज आणि काही इंग्रज विद्वानांनी जर्मनीतून हाकललेल्या अभ्यासकांसाठी एक संस्था काढली होती. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड तिचे अध्यक्ष होते. प्राध्यापकांनी आपल्या पगारातून पैसे दिले. या संस्थेनं ज्यांना हात दिला, त्यांतल्या सोळा जणांना पुढे नोबेल मिळालं. संस्था ‘कारा’ या नावानं आजही काम करते.

गुटमानना ऑक्सफर्डमध्ये संशोधनाची जागा मिळाली, पण रुग्ण मात्र हाती नाहीत. एवढा मोठा शल्यविशारद प्रयोगशाळेत बसून! चारेक वर्षांनी विचारणा झाली. स्टोक मॅन्डेव्हिल इथे कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडायचा आहे, घ्याल का? हे काम कुणालाच नको होतं. अशा रुग्णांबद्दल ठरलेलं मत असं की थोड्याच काळात पाठीला जखमा होणार, मूत्रमार्गात जंतू शिरणार आणि माणूस जाणार. उपाय कशाला करायचे?

इथेही तेच दिसतं ना? रिकामी जागा होती, पण ती सगळ्यांनी टाकून दिलेली होती. गुटमाननी ती घेतली. १ फेब्रुवारी १९४४ ला विभाग सुरू झाला. दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मध्यरात्री स्वतः फिरून ते बघत. जखमा थांबल्या, माणसं जगू लागली. मग ती जगून करणार काय? काम शिकायचं आणि खेळायचं! २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत असताना स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्च्यांतल्या सोळा जणांनी धनुष्यबाणाची स्पर्धा लढवली. त्यातून पॅरालिंपिक जन्माला आलं.

आणि इथे सांगली जिल्हा येतो. पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. कुठे? हायडेलबर्गला, जर्मनीत. ज्या देशानं गुटमानना हाकललं त्याच देशात, त्यांनीच रुजवलेल्या स्पर्धेत.

गुटमानना चार वर्षं थांबावं लागलं, ते त्यांना येत नव्हतं म्हणून नाही. त्यांचं ज्ञान मोजायची पद्धत नव्या देशाकडे नव्हती. म्हणून मला आजच्या जर्मनीचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. १ एप्रिल २०१२ पासून तिथे कायदा आहे की परदेशातली पदवी घेऊन आलेल्याला ती तपासून घेण्याचा हक्क असेल. नागरिक असो वा नसो. कमी पडतं तेवढंच भरून काढायचं, पुन्हा पहिलीपासून नाही.

डॉक्टरांसाठी त्यात एक फार सुंदर परीक्षा असते. वीस मिनिटं रुग्णाशी जर्मनमध्ये बोलायचं. रुग्णाचं सोंग कुणीतरी घेतलेलं असतं, तो साध्या माणसासारखा घाबरतो, गोंधळतो, ‘इथं काहीतरी टोचतंय’ असं म्हणतो. पुढची वीस मिनिटं त्याचा अहवाल लिहायचा. शेवटची वीस मिनिटं तोच रुग्ण वरिष्ठ डॉक्टरला शास्त्रीय भाषेत समजावून सांगायचा. म्हणजे तासाभरात एकच दुखणं तीन भाषांत बोलायचं. सीरियातून आलेले, अलेप्पो आणि दमास्कसमध्ये शिकलेले डॉक्टर रात्र रात्र बसून या परीक्षेसाठी जर्मन घोटत होते.

परिणाम? जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांमध्ये आज सर्वांत मोठा गट सीरियाचा आहे, सहा हजारांहून जास्त. शिवाय ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं ते या आकड्यात धरलेलेच नाहीत. यांतले कितीतरी जण काम करतात ते बर्लिन-म्युनिकमध्ये नव्हे, तर छोट्या गावांतल्या रुग्णालयांत, जिथे तरुण जर्मन डॉक्टर जायला तयार नसतात. पुन्हा तीच जागा, इतरांना नको असलेली.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधली असद राजवट कोसळली. जर्मनीत काही पुढाऱ्यांनी लगेच हिशोब मांडायला सुरुवात केली की आता सीरियन लोकांना परत कधी पाठवायचं. त्यावर रुग्णालयांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलं की हे डॉक्टर मोठ्या संख्येनं गेले, तर छोट्या शहरांमधल्या रुग्णालयांना त्यांची उणीव चांगलीच जाणवेल.